तुम्ही विचारलंत म्हणून : अझ्नावूर गायक की नट?

फ्रेंच शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. वर्ग जरा रुळला, मुलांच्या तोंडात क्रियापदं बसायला लागली, की मी शार्ल अझ्नावूरची गाणी लावायला सुरुवात करते. मग कुणीतरी घरी जाऊन त्याचं नाव शोधतं आणि पुढच्या तासाला हात वर होतो : "मॅडम, हा नक्की गायक आहे की नट? सिनेमांची यादीच केवढी आहे!"

हा प्रश्न मला वर्गाबाहेरही कितीतरी वेळा विचारला गेलाय. ज्यांच्या कानावर 'शी' हे इंग्रजी गाणं पडलेलं असतं, ते त्याला गायक म्हणून ओळखतात. ज्यांनी फिल्म सोसायटीत फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा सिनेमा पाहिलेला असतो, त्यांना तो पियानोवाला अबोल माणूस आठवतो आणि हा गातोही हे ऐकून ते चकित होतात. दोघांनाही मी एकच उत्तर देते : त्याच्या बाबतीत ही दोन कामं वेगळी नाहीतच. पण हे उत्तर उभ्या उभ्या दिलं की समोरच्याला ती टाळाटाळ वाटते. परवा एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर सरळ सांगितलं, "तुम्ही दर वेळी एवढंच म्हणता, पुढचं सांगत नाही." म्हणून आज पुढचं सांगते.

आपल्याकडे 'गायक नट' हा शब्द संगीत नाटकाने रुजवला. तिथे पद सुरू झालं की गोष्ट क्षणभर बाजूला बसते, गाणं फुलतं, वन्समोअर येतो आणि मग पुन्हा संवाद. अझ्नावूरचं नेमकं उलट आहे. त्याचं गाणं सुरू होतं तेव्हाच नाटक सुरू होतं. तीन-चार मिनिटांचं एकपात्री नाटक. त्यात एक माणूस असतो, त्याचं वय असतं, त्याचं घर असतं, त्याला काहीतरी लपवायचं असतं. अझ्नावूर तो माणूस होतो. गाणं संपलं की त्याला तिथेच सोडतो आणि पुढच्या गाण्यात दुसराच कुणी होऊन येतो.

हे त्याला कुठून आलं, याचं उत्तर त्याच्या लहानपणात आहे. २२ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. आईवडील आर्मेनियन. आई १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारातून वाचलेली, वडील जॉर्जियातले. अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत ते पॅरिसमध्ये थांबले होते आणि थांबता थांबता तिथलेच झाले. मुलाचं नाव शाहनूर. इस्पितळातल्या नर्सला ते उच्चारता येईना म्हणून शार्ल झालं, असं सांगतात. वडिलांना गळा होता. त्यांनी ह्युशेत रस्त्यावर 'कॉकेशस' नावाचं खानावळवजा रेस्टॉरंट काढलं होतं. तिथे ते स्वतः गायचे आणि खिशात पैसे नसलेल्यांनाही जेवू घालायचे. असा धंदा किती दिवस चालणार! तो बंद पडला. पण घरात गाणं आणि नाटक कायम राहिलं. १९३३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, हा मुलगा एका जर्मन बालकादंबरीवरच्या नाटकात रंगमंचावर उभा राहिला. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं कोरडं उत्तर हवं असेल तर ते हे : आधी नट. गाण्यांचं लिहिणं आणि गाणं नंतर आलं.

मग युद्ध. अझ्नावूरियान (हेच मूळ आडनाव) कुटुंब तेव्हा नाव्हारँ रस्त्यावरच्या एका छोट्या घरात राहत होतं. त्या घरात आईवडिलांनी ज्यू लपवले. जर्मनांनी पकडून आपल्या सैन्यात कोंबलेले सोव्हिएत आर्मेनियन सैनिक पळून आले, त्यांनाही लपवलं. त्यांना साधे कपडे द्यायचे आणि त्यांचे जर्मन गणवेश रात्री गटारात नेऊन टाकायचे. हे टाकायचं काम पोरसवदा शार्लचं. फ्रेंच प्रतिकार चळवळीतला कवी मिसाक मानूशियान आणि त्याची बायको मेलिने यांचं या घरी येणंजाणं होतं. शार्लला बुद्धिबळ मानूशियाननेच शिकवलं. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी जर्मनांनी मानूशियानला गोळ्या घातल्या. पुढे तीन महिन्यांनी शार्ल वीस वर्षांचा झाला.

हे वीस वर्षांचं होणं लक्षात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

युद्धाच्या त्या वर्षांत त्याने पिएर रोश नावाच्या पियानोवादकाबरोबर जोडी जमवली होती. रोश चाली बांधायचा, हा शब्द लिहायचा, दोघं मिळून गायचे. १९४६ मध्ये नामवंत गायिका एदित पियाफने त्यांना ऐकलं आणि आपल्या दौऱ्यांवर घेतलं. पियाफच्या घरी तो कित्येक वर्षं राहिला. तिच्यासाठी गाणी लिहिली, तिची गाडी चालवली, तिच्या बॅगा उचलल्या, पडेल ते काम केलं. रोजच्या रोज विंगेत उभं राहून तिला बघणं हीच त्याची शाळा. पियाफ स्वतः चणीने एवढीशी, अंगावर साधा काळा झगा, आणि तरी मंच भरून टाकायची. मंच शरीराने भरत नाही, हे त्याने तिथे बघितलं असणार.

आणि त्याला ते बघायची गरजही होती, कारण त्याच्या विरोधात सगळंच होतं. उंची पाच फूट तीन इंच. नाक मोठं. आवाज घोगरा, धुरकटलेला, वर चढताना चिरकेल की काय अशी भीती वाटणारा. पुढे त्याच्या आडनावावर कोटी करून त्याला 'अझ्नोव्हॉइस' म्हणणारे निघाले. त्या उमेदवारीच्या काळात एकदा त्याने स्वतःच्या उणिवा कागदावर मांडल्या. ती यादी त्याने आत्मचरित्रात दिली आहे. आवाज, उंची, हावभाव, शिक्षण आणि संस्कार कमी, फटकळपणा, व्यक्तिमत्त्वाचा अभाव. आवाज बदलता येत नाही, ज्या शिक्षकांना दाखवला त्यांनी गाऊ नकोस असंच सांगितलं आहे, पण नरडं फाटलं तरी मी गाणार, असा त्याचा पुढचा निश्चय.

ही यादी मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते, कारण यात मला त्याच्या सगळ्या कामाची किल्ली दिसते. गोड गळ्याच्या गायकाला माणूस उभा करायची गरज नसते. त्याचा सूर लागला की श्रोता विरघळतो. अझ्नावूरकडे ती सोय नव्हती. त्यामुळे शब्द आणि भूमिका यांच्यावर त्याला सगळा भार टाकावा लागला. आणि भूमिका कुणाची घ्यायची? देखण्या प्रियकराची तर शक्यच नव्हती. मग त्याने उरलेली माणसं घेतली. हरलेली, उतरलेली, उशीर झालेली, बायकोशी भांडणारी, आपल्याला कुणी बघू नये असं वाटणारी. त्यांच्या तोंडी हा चिरकणारा आवाज अगदी खरा वाटला.

'ज म् व्वाये देजा' हे त्यातलं सर्वात मोठं उदाहरण. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : 'मला मी तिथे दिसतच होतो'. अठराव्या वर्षी गावाकडून पॅरिसला आलेला एक गायक, अंगावर खास शिवून घेतलेला सूट, डोळ्यांपुढे जाहिरातीच्या फलकावर सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात आपलं नाव. वर्षं जातात. नाव वर जात नाही. तो आता भलत्यासलत्या जागी गातो आणि दोष नशिबाला, लोकांना, सगळ्यांना देतो. स्वतःला देत नाही. हे गाणं अझ्नावूरने आधी गायक आणि नट इव्ह मोंताँला देऊ केलं होतं, त्याने घेतलं नाही.

१२ डिसेंबर १९६०. पॅरिसचं अल्हाम्ब्रा थिएटर, मुख्य नाव अझ्नावूरचं. वय छत्तीस. तोपर्यंत त्याची काही गाणी गाजली होती, पण समीक्षक त्याला मोजायला तयार नव्हते, आणि या रात्रीवर सगळं अवलंबून होतं. सात गाणी झाली. सभागृह थंड. शेवटचं म्हणून त्याने हे गाणं घेतलं. आणि गाण्याच्या अखेरीस मंचावरचे झोत वळवून प्रेक्षकांच्या तोंडावर सोडले.

जरा त्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही अंधारात आरामात बसलेला आहात, समोर एक पडलेला गायक आपलं रडगाणं सांगतोय, आणि एकदम उजेड तुमच्या डोळ्यांत. आता बघितले जाणारे तुम्ही. ज्यांनी त्याला वर जाऊ दिलं नाही, ते लोक तुम्हीच. हे सुचायला गायकाचं डोकं पुरत नाही, त्याला नटाचं, आणि तेही दिग्दर्शकाच्या नजरेचं डोकं लागतं.

टाळी पडली नाही. तो आत गेला आणि आता हे सगळं सोडायचं असं त्याच्या मनाने घेतलं. रिवाज म्हणून शेवटचा नमस्कार करायला परत आला, तर सगळं सभागृह टाळ्यांनी कोसळत होतं. त्या रात्रीनंतर फलकावरचं त्याचं नाव कधी खाली आलं नाही. म्हणजे ज्या गाण्यात नाव वर जात नाही, त्याच गाण्याने त्याचं नाव वर नेलं. हरलेल्या माणसाची भूमिका इतकी चोख झाली की तो जिंकला. मला या गोष्टीचं अजून, इतक्या वर्षांनी, भरून येतं.

आता ते वीस वर्षांचं. 'इयेर आँकोर' हे गाणं मी भूतकाळाचा एक प्रकार शिकवायला वापरते. जगभर फ्रेंच शिकवणारे वापरत असतील, इतकं ते त्या कामाला चपखल आहे. कालपरवापर्यंत मी वीस वर्षांचा होतो, असं म्हणणारा माणूस. वेळ उधळला, वेडेपणा केला, मित्र गेले, प्रेमं गेली, हातात काही उरलं नाही. गाणं संपलं की वर्गात शांतता पसरते आणि मग हमखास कुणीतरी हळहळतं, "बिचाऱ्याने तरुणपण वाया घालवलं."

मग मी नाव्हारँ रस्त्यावरच्या घराची गोष्ट सांगते. हा माणूस वीस वर्षांचा झाला तेव्हा पॅरिसवर जर्मनांचा ताबा होता. त्याच्या घरात माणसं लपलेली होती, गणवेश गटारात जात होते, ज्याने बुद्धिबळ शिकवलं त्याला नुकतंच मारलं होतं. पोट भरायला तो मिळेल तिथे गात होता. उधळायला वेळ त्याच्याकडे होताच कुठे? १९६४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने हे गाणं केलं तेव्हा तो अखंड कामात बुडालेला होता. या गाण्यातला 'मी' तो नव्हे. हा 'मी' दुसऱ्या कुणाचा तरी आहे, पॅरिसमधल्या एखाद्या सुखवस्तू चाळिशीतल्या माणसाचा, आणि अझ्नावूरने तो अंगरख्यासारखा घातला आहे. मुलांना हे पटायला वेळ लागतो. फ्रेंचमधलं 'ज' म्हणजे 'मी' हे पहिल्याच धड्यात शिकवलेलं असतं. पण तो 'मी' लिहिणाऱ्याचाच असतो असं नाही, हे कळायला अझ्नावूरच लागतो.

या 'मी'ची सर्वात धाडसी करामत १९७२ ची. गाण्याचं नाव 'कॉम इल दीझ', 'ते म्हणतात तसा'. एक पुरुष सांगतोय : मी आईबरोबर एका जुन्या घरात राहतो, साराझात रस्त्यावर. सोबतीला एक कासव, दोन कॅनरी पक्षी आणि एक मांजर. आईला विश्रांती मिळावी म्हणून स्वयंपाक बहुतेक मीच करतो. शिवणटिपण येतं. रात्री बायकी वेषात मंचावर काम करतो. मला पुरुष आवडतात, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला ते सांगायची हिंमत नाही.

फ्रान्समध्ये तेव्हा समलिंगी माणूस गाण्यात आला तर टिंगलीपुरता. अझ्नावूर तेव्हा लग्न झालेला, मुलंबाळं असलेला, कीर्तीच्या शिखरावरचा माणूस. हे गाणं तू गाऊ नकोस, असं जवळच्यांनी सुचवून पाहिलं. त्याने ऐकलं नाही, आणि 'तो' असं न म्हणता 'मी' म्हणूनच गायलं. मला यातलं कासव फार महत्त्वाचं वाटतं. पक्षी, मांजर, कासव, रस्त्याचं नाव, आईचा थकवा, हे सगळं आधी येतं. माणूस आधी घरातला होतो, ओळखीचा होतो, आणि मगच तो आपलं गुपित सांगतो. तोवर त्याला हसायची वेळ निघून गेलेली असते. शिवाय एक भाषेची गंमत, जी भाषांतरात निसटते : फ्रेंचमध्ये समलिंगी पुरुषासाठी जो तुटका शब्द आहे, 'ओमो', तो तो अशा रीतीने गातो की आधी 'ऑम' ऐकू येतं. ऑम म्हणजे पुरुष, माणूस. शिवी म्हणून फेकलेल्या शब्दाच्या पोटात माणूस बसलेला आहे.

एका वर्षी हे गाणं झाल्यावर वर्गातला एक मुलगा तास संपला तरी बसून राहिला. काही बोलला नाही. वही बंद केली आणि जाताना म्हणाला, "मॅडम, परत लावाल का कधीतरी?" दुसऱ्या दिवशी परत लावलं.

आता सिनेमा. इथे गोष्ट उलटी फिरते, आणि म्हणूनच मला ती जास्त आवडते. मंचावर इतकं बोलणारा हा माणूस पडद्यावर जवळपास मुका होतो.

१९५९ मध्ये जॉर्ज फ्रांजूच्या सिनेमात त्याने मनोरुग्णालयातला एक फेफरं येणारा तरुण केला होता. तो पाहून फ्रान्स्वा त्रुफोने त्याला आपल्या दुसऱ्या सिनेमात मुख्य भूमिका दिली. 'तिरे स्युर ल पियानिस्त', पियानोवाल्यावर गोळी झाडा, १९६०. गोष्ट एका अमेरिकन गुन्हेगारी कादंबरीवरून घेतलेली. एकेकाळचा नावाजलेला पियानोवादक एदुआर सारोयान, बायकोच्या आत्महत्येनंतर सगळं सोडून शार्ली या नावाने एका साध्या बारमध्ये पियानो बडवतो. सारोयान हे आडनाव आर्मेनियन, अझ्नावूरसाठी दिलेलं. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. आज तो फ्रेंच नवलाटेतला मोठा सिनेमा मानतात.

मी तो पहिल्यांदा पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला, आणि त्यातलं एक बोट मला विसरता येत नाही. एदुआर एका बड्या आयोजकाकडे चाचणीसाठी जातो. दारासमोर उभा राहतो. बोट घंटीकडे जातं आणि थांबतं. कॅमेरा त्या बोटाच्या जवळ, आणखी जवळ, इतका जवळ जातो की पडद्यावर फक्त घंटीचं बटण आणि थबकलेलं बोट उरतं. दाबू की नको? तेवढ्यात दार आतूनच उघडतं, व्हायोलिनची पेटी घेतलेली एक मुलगी बाहेर येते, आणि कॅमेरा एदुआरला सोडून तिच्या मागे चालू लागतो. पाठीमागून पियानोचे सूर येत राहतात. आत काय झालं, हे आपल्याला दिसतच नाही.

ज्या माणसाने अल्हाम्ब्रात सभागृहाच्या तोंडावर दिवे सोडले, त्याच माणसाने त्याच वर्षी हे बोट दाखवलं. दुसऱ्या एका प्रसंगात तो रात्री बारमधल्या लेना या वेट्रेसबरोबर रस्त्याने चालतोय. मनातल्या मनात वाक्यं जुळवतोय, तिचा हात धरू की नको करत हात मागेपुढे करतोय, आणि शेवटी धीर करून बोलतो तेव्हा बाजूला कुणी नसतं. ती केव्हाच निघून गेलेली. चेहऱ्यावर काही मोठं घडत नाही. भुवया जराशा वर, खांदे जरासे खाली. बस. या सिनेमात तो एक ओळही गात नाही. बारमधलं गाणं म्हणतो बोबी लापोएंत नावाचा दुसराच गायक, आणि तो इतक्या वेगाने म्हणतो की फ्रेंच प्रेक्षकांसाठीच फ्रेंच अक्षरं पडद्यावर टाकावी लागली! गायकाला घेऊन त्याला गाऊ न देणं, हे त्रुफोने ओळखून केलं असं मला वाटतं. आवाज काढून घेतला की अझ्नावूरमध्ये काय उरतं, ते त्याला बघायचं होतं. उरतो तो नट.

पुढे त्याने साठहून अधिक सिनेमे केले. सगळे चांगले नाहीत. काही निव्वळ पैशासाठी केलेले वाटतात आणि ते सोडून दिले तरी चालेल. पण दोन नक्की बघा. १९७९ चा श्लोन्डॉर्फचा जर्मन सिनेमा 'पत्र्याचा ढोल', ज्याला कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं आणि नंतर ऑस्करही. त्यात तो डान्झिगमधला ज्यू खेळणीवाला आहे, ऑस्कर नावाच्या लहान मुलाला ढोल विकणारा, ऑस्करच्या आईवर मुकं प्रेम करणारा. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझी दुकानं फोडत येतात तेव्हा तो जीव देतो. ज्यांच्या घरात ज्यू लपवले होते, त्यांचा मुलगा तो खेळणीवाला होऊन काउंटरमागे उभा आहे, हे माहीत असलं की ते छोटं काम बघवत नाही. आणि दुसरा १९८२ चा शाब्रोलचा सिनेमा, जॉर्ज सिमनोंच्या कथेवरचा. समोरच्या दुकानातला टोप्या विकणारा खुनी आहे हे ज्याला कळलंय, असा आर्मेनियन शिंपी. सांगावं कुणाला, आणि आपल्यासारख्या परक्याचं ऐकेल कोण? तो फक्त खोकत खोकत त्या खुन्याच्या मागे चालत राहतो.

आर्मेनियाचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात तिथे हजारो माणसं गेली. अझ्नावूरने फ्रान्समधले ऐंशीहून अधिक कलावंत गोळा करून मदतीसाठी गाणं काढलं आणि ते प्रचंड खपलं. २००८ मध्ये तो आर्मेनियाचा नागरिक झाला, २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधला त्यांचा राजदूत. २००२ च्या 'आरारात' या सिनेमात, जो १९१५ च्या नरसंहाराबद्दल आहे, त्याने एका दिग्दर्शकाची भूमिका केली. त्या दिग्दर्शकाचं नाव एडवर्ड सारोयान. चाळीस वर्षांपूर्वीचा एदुआर सारोयान असा परत भेटला.

आणि 'शी'? ते १९७४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी केलेलं गाणं, चाल अझ्नावूरची, इंग्रजी शब्द हर्बर्ट क्रेट्झमरचे. ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आपल्याकडे बहुतेकांनी १९९९ च्या इंग्रजी सिनेमातलं, दुसऱ्याने गायलेलं ऐकलेलं असतं. चांगलं आहे. पण तुम्ही तिथेच थांबलात तर अझ्नावूर तुम्हाला भेटलाच नाही, असं मी म्हणेन.

तो शेवटपर्यंत गात राहिला. नव्वदी ओलांडल्यावर समोर शब्दांचा पडदा ठेवायचा आणि ते प्रेक्षकांना मोकळेपणाने सांगायचा. सप्टेंबर २०१८ मध्ये जपानमध्ये त्याचे कार्यक्रम झाले. १ ऑक्टोबरला दक्षिण फ्रान्समधल्या घरी तो गेला, वय चौऱ्याण्णव. पुढचे कार्यक्रम ठरलेले होते.

आता कुठून सुरुवात करायची ते सांगते. 'ला बोएम' हे त्याचं गाणं शोधा, मंचावरचं, चित्रफीत. १९६५ चं. शब्द जाक प्लांत यांचे, चाल अझ्नावूरची. गाणं मुळात एका संगीतिकेसाठी झालं आणि तिथे दुसऱ्याने म्हटलं, पण आज ते कुणी दुसऱ्याचं म्हणत नाही. एक म्हातारा चित्रकार सांगतोय, पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीवर आम्ही विशीत कसे राहायचो, खिडकीखाली लायलॅकची झाडं होती, पोटात अन्न नव्हतं, तू माझ्यासमोर चित्रासाठी बसायचीस. परवा तिकडे गेलो तर काहीच ओळखू आलं नाही.

वर्गात हे मी आधी आवाज बंद करून लावते. गाणं कशाबद्दल आहे ते सांगत नाही. काळ्या कपड्यांतला एक बुटका माणूस, हातात पांढरा रुमाल, आणि मुलांनी फक्त बघून लिहायचं की हा माणूस कोण आहे. दर वर्षी बहुतेक जण लिहितात, घाम पुसतोय. कुणी लिहितं, रडतोय आणि लपवतोय. या वर्षी पुढच्या बाकावरची एक मुलगी काही लिहीतच नव्हती, नुसती त्याच्या बोटांकडे बघत होती. तो एकेक बोट सावकाश पुसत होता, मधल्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने. तिने हात वर केला नाही, बसल्या जागेवरूनच विचारलं, "मॅडम, ह्याच्या हाताला रंग लागलाय का?"

मी आवाज सुरू केला.